आजोळचा मदरबोर्ड

"सही कर आणि मोकळी हो, आई," म्हणत येरसाईनने घरविक्रीचा कागद बाउरसाकच्या, म्हणजे तळलेल्या गोल पावांच्या, ताटाशेजारी ठेवला, तेव्हा बिबीसाराच्या मांडीवर तिचा लॅपटॉप होता. मेलेला. गेल्याच आठवड्यात बल्खाश सरोवरावरून विमान नेताना त्याच्यातून जळका वास आला, पडदा काळा झाला आणि विमानासकट सगळं संपलं.

विमान खेळातलं होतं, पण बिबीसारासाठी तो खेळ नव्हता. अल्माटीच्या विमानतळावर तीस वर्षं तिने मनोऱ्यात बसून इतरांची विमानं चढवली आणि उतरवली. स्वतः एकदाही चालवलं नाही. बायकांना त्या काळात कोण देतंय चालवायला! निवृत्त झाल्यावर हा खेळ सापडला आणि बाईंना पंख फुटले. फक्त तो जुना लॅपटॉप विमान असं चालवायचा, की कुणीतरी भिंतीवर एकेक फोटो लावतंय.

"लॅपटॉप बंद पडला, लिफ्ट महिन्यातून दोनदा बंद पडते, उद्या तुझे गुडघे बंद पडतील," येरसाईन म्हणाला. "अस्तानाला चल. खोली तयार आहे. खिडकीतून बाग दिसते."

"माझ्या खिडकीतून डोंगर दिसतात."

"डोंगर घेऊन काय करायचंय?"

"मग बाग घेऊन तरी काय करायचंय? मी काय बकरी आहे?"

तिचा थोरला भाऊ काब्देश चहा पीत होता. एक्याऐंशी वर्षांचा माणूस, घरातला शेवटचा शब्द त्याचा. तो हसला आणि चहा नाकात गेला.

येरसाईन मात्र हसला नाही. अस्तानात एका बँकेत तो कॉम्प्युटर विभागाचा साहेब होता, आणि साहेबपण तो घरीही काढून ठेवत नसे. "आई, तुझं वय त्रेसष्ट. त्या खेळाला लागणारा कॉम्प्युटर एकेक भाग निवडून जुळवावा लागतो. एक भाग दुसऱ्याला चालतो, तिसऱ्याला चालत नाही. आमची पोरं त्यात चुका करतात. तुला ते जमणार आहे का?"

इथेच त्याचं चुकलं. "जमणार आहे का" हे तीन शब्द बिबीसाराने आयुष्यभर ऐकले होते आणि प्रत्येक वेळी ऐकवणाऱ्याची जिरवली होती. तिने लॅपटॉप बाजूला ठेवला.

"येत्या रविवारी दुपारी बारा वाजता तू, तुझी बायको, तुझे सासरे, सगळे या खोलीत येऊन बसा. मी स्वतः जुळवलेला कॉम्प्युटर तुमच्यासमोर चालू करीन. पडद्यावर चित्र आलं, तर घर विकायचा शब्द पुन्हा काढायचा नाही. नाही आलं, तर तिथल्या तिथे सही करीन आणि तुझी बाग बघत बसेन."

"दादामामा, ऐकलंत ना?" येरसाईन पटकन म्हणाला.

काब्देशने पेला खाली ठेवला, दोन्ही तळहात समोर उघडले, आशीर्वाद पुटपुटला आणि चेहऱ्यावरून हात फिरवले. झालं. थोरल्याने हात फिरवले म्हणजे विषय संपला. आता बिबीसाराची जीभ कापली तरी शब्द मागे घेता येणार नव्हता.

तसं घाबरायचं कारण नव्हतं. दोन महिने खपून तिने वहीत यादी केली होती. कुठला प्रोसेसर कुठल्या मदरबोर्डवर बसतो, त्या बोर्डला कुठली मेमरी चालते, ग्राफिक्स कार्डाची लांबी किती, डबा आतून केवढा, सगळं रेघा मारून. कार्ड, मेमरी आणि डबा घेऊनही झाले होते. राहिले होते बोर्ड आणि प्रोसेसर. सोमवारी सकाळी वही काखेत मारून ती कॉम्प्युटरच्या बाजारात गेली.

दुकानदार तिशीतला, गोल तोंडाचा, मेयिरखान नावाचा. हातातली सोल्डरची कांडी बाजूला ठेवून त्याने आधी यादी बघितलीच नाही. कुठलाही सभ्य माणूस विचारेल तेच विचारलं.

"कुठल्या कुळातल्या तुम्ही? आणि आईचं माहेर?"

बिबीसाराने आईचं कूळ सांगितलं मात्र, मेयिरखान गल्ल्यामागून बाहेरच आला. "अहो, ते तर आमचं कूळ! म्हणजे तुम्ही आमच्या भाची! आणि मी तुमचा मामा!"

तीस वर्षांच्या मामाने त्रेसष्ट वर्षांच्या भाचीला मिठी मारली. चहा मागवला. यादीतला बोर्ड बघून नाक मुरडलं. "हा? हा मी परक्यांना विकतो. भाचीला असला माल देऊ? थांबा." त्याने माळ्यावरून एक सोनेरी खोकं काढलं, फुंकर मारून धूळ उडवली आणि दोन्ही हातांनी तिच्यासमोर धरलं. "भाचीचा भाव. यावर सगळं बसतं. आजोळचा शब्द!"

तीस वर्षांत बिबीसाराने एकाही विमानाला कागद तपासल्याशिवाय उतरू दिलं नव्हतं. पण आजोळ दोन्ही हातांनी काही देतं, तेव्हा खोकं उघडून आतला नंबर वाचणार कोण? आई जाऊन बावीस वर्षं झाली होती. आईकडचं कुणीतरी "भाची" म्हणालं, आणि बाईंचे डोळे भरून आले. वही काखेतच राहिली.

ती घरी पोचते न पोचते तोच फोन वाजला. येरसाईनचे सासरे जुमागाझी, कारागंडाहून. खाणीत इंजिनिअर होते. फोनवरही खाणीतल्यासारखेच बोलायचे.

"विहीणबाई! कळलं मला सगळं! प्रोसेसर घेऊ नका! तो माझ्याकडून! महागातला महाग पाठवलाय!"

"अहो, कशाला एवढं..."

"व्याह्याला नाही म्हणता?"

व्याह्याला नाही कोण म्हणतंय! शुक्रवारी प्रोसेसर आला, लाल फीत बांधून. सोबत कझीही होती, घोड्याच्या मांसाचं सॉसेज.

शनिवारी सकाळी बिबीसारा चटईवर बसली. चष्मा, स्क्रू-ड्रायव्हर, वही. सोनेरी खोकं उघडलं, बोर्ड काढला, प्रोसेसर काढला आणि तिचा हात तिथेच थांबला. प्रोसेसरला खालून हजारभर बारीक पाय. बोर्डाच्या खाचेतही हजारभर बारीक काटे. पायांना भोकं हवीत आणि काट्यांना सपाट तळ हवा. इथे दोघेही एकमेकांवर टाच उगारून उभे. एक एका कंपनीच्या घराण्यातला, दुसरा दुसरीच्या. मेमरी लावून बघितली, तर खाच अर्धा बोट इकडे. बोर्ड दहा वर्षांपूर्वीचा होता.

"वा रे मामा," ती मोठ्याने म्हणाली.

दुसरा प्रोसेसर आणावा, तर व्याही उद्या इथे बसणार, त्याच्याच प्रोसेसरसाठी. बोर्ड परत करावा, तर आजोळचं दिलेलं परत करणं म्हणजे आईच्या तोंडावर फेकणं. लग्नं जुळवताना सात पिढ्यांत नातं नको म्हणून माणसं कूळ विचारतात. या मेल्या कॉम्प्युटरला मात्र सगळे एकाच घराण्यातले लागतात, आणि तिने एकेक भाग वेगवेगळ्या नात्यातून गोळा केला होता. तिला रडू आलं. खिडकीबाहेर डोंगर होते. उद्या या वेळी ते तिचे राहणार नव्हते.

मग तिने नाक पुसलं. "आजोळ आहे ना? मग आजोळासारखं वागू दे त्याला," म्हणाली, आणि वही आणि मेमरी पिशवीत टाकून, सोनेरी खोकं काखेत मारून निघाली.

"या भाची!" मेयिरखानने हात पसरले. "बसलं का सगळं?"

"बसलं. मीच खाली बसले. मामा, आजोळी भाचीचे हक्क किती?"

मेयिरखानचं हसू जरा आखडलं. "म्हणजे?"

"भाचीने आजोळी तीनदा मागायचं, आणि आजोळाने नाही म्हणायचं नाही. माझी आई सांगायची. तुझी नाही सांगत?"

"अहो, ते गावाकडे! शिंगरू, कोकरू... आणि ते लहान पोरांना असतं!"

"वयाची अट कुठे लिहिलीय? दाखव."

आवाज चढला तशी शेजारची दुकानं रिकामी होऊन सगळे इथे जमले. समोर केबल विकणारी एक म्हातारी स्टुलावरून उठून आली. "काय झालं? भाची मागतेय? मग दे की! माझ्या बापाच्या भाच्याने शर्यतीचा घोडा नेला, बाप नुसता आत जाऊन रडला, पण बोलला नाही!"

"पण आजी, ही नुसती कुळाची भाची आहे!"

"सोमवारी मिठी मारलीस तेव्हा कोणाची होते?" बिबीसाराने विचारलं. "धूळ खात पडलेला बोर्ड गळ्यात मारताना मी सख्खी, आणि द्यायची वेळ आली की कुळाची?"

लोक हसले. मेयिरखानचे कान लाल झाले. म्हातारी त्याच्या जवळ गेली आणि हळूच बोलली, म्हणजे दहा दुकानांना ऐकू जाईल इतपत. "बाळा, भाचीला दुखवणाऱ्याचे हात थरथरायला लागतात. तुझं पोट त्या सोल्डरच्या कांडीवर आहे. बघ बाबा."

मेयिरखानने नकळत स्वतःच्या हातांकडे बघितलं. खरं सांगायचं तर ते आत्ताच जरासे थरथरत होते.

"काय हवंय?" त्याने खोल गेलेल्या आवाजात विचारलं.

या वेळी बिबीसाराने वही उघडली. व्याह्याच्या प्रोसेसरचा नंबर वाचला, फळीवरच्या एका नव्या बोर्डाच्या खोक्यावरची बारीक अक्षरं तीनदा वाचली, मेमरी लावून बघितली. "एक, हा बोर्ड. दोन, वीज पुरवणारा तो मोठा पॉवर सप्लाय. डब्याबरोबर आलेल्या छोट्याला एकच वायर आहे. माझ्या कार्डाला दोन वायरी लागतात."

"आणि तीन?" मेयिरखानने डोळे मिटले.

"तिसरं राहू दे. पुढच्या वर्षी नवी कार्डं निघणार आहेत म्हणे. तेव्हा येईन." ती दाराशी थांबली. "आणि तुझा सोनेरी बोर्ड मी ठेवणार. आजोळचं दिलेलं परत करत नाहीत."

रविवारी साडेअकरालाच सगळे जमले. येरसाईन दोन मोठ्या रिकाम्या बॅगा घेऊन आला आणि त्या दाराशी उभ्या केल्या. बिबीसाराने त्या बघितल्या आणि न बघितल्यासारखं केलं.

जुमागाझी थेट डब्याच्या काचेला नाक लावून उभे राहिले. "विहीणबाई! माझा प्रोसेसर कुठाय? मला तर नुसता पंखा दिसतोय!"

"पंख्याखाली आहे."

"काढा पंखा! बघू द्या!"

बारा वाजायला पंधरा मिनिटं होती. बिबीसाराने कमरेवर हात ठेवले. "व्याहीबुवा, नवी सून घरात येते तेव्हा तोंडावर पदर असतो की नाही? आणि तोंड बघायचं असेल, तर आधी काय द्यावं लागतं?"

काब्देश मांडीवर थाप मारून हसला. जुमागाझींनी खिसे चाचपले, घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि बसले. "घ्या! तोंड मग बघतो! पण मुलगी चांगल्या घरातली आहे, सांगून ठेवतो!"

"लाव आई तुझं यंत्र," येरसाईन म्हणाला. "थांब, पडद्याची वायर मी लावतो, तुला वाकायला नको." त्याने सवयीने वायर मागे खोचली आणि हात झटकले.

बाराला दोन मिनिटं कमी असताना बिबीसाराने बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले. पडदा काळा. सगळे बघत राहिले. पडदा काळाच.

"आई," येरसाईन हळू म्हणाला. आवाज मऊ होता, आणि तेच जास्त लागलं. "तू खूप केलंस. पण चित्र नाही आलं." त्याची बायको बॅगेची चेन उघडायला वाकली.

"गप्प बसा सगळे!" बिबीसारा ओरडली. ती डब्याला कान लावून बसली. तीस वर्षं तिने धुक्यात, बर्फात, नुसत्या आवाजावर विमानं ओळखली होती. "इंजिन नीट चालू आहे. विमान हवेत आहे. फक्त आंधळं आहे." ती गुडघ्यांवर डब्यामागे रांगत गेली. गुडघे कुरकुरले. "येरसाईन, वायर कुठे लावलीस?"

"वरच्या खाचेत. सगळ्यांच्या कॉम्प्युटरला तिथेच..."

"बँकेतल्या टाइपरायटरांना लागत असेल तिथे! तुझ्या सासऱ्यांच्या प्रोसेसरला स्वतः चित्र काढता येत नाही. चित्र हे कार्ड काढतं, आणि कार्डाची खाच खाली आहे. साहेब!"

तिने वायर उपटली आणि खाली खोचली. पडद्यावर डोंगर उमटले, पांढरे, लखलखीत. भिंतीवरच्या घड्याळाने बारा वाजवले.

मग काब्देशने हात पुढे केला. येरसाईनने खिशातून घरविक्रीचा कागद काढून त्याच्या हातावर ठेवला, आणि म्हाताऱ्याने त्याची घडी घालून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवली.

"कुठे निघालीस?" बिबीसाराने पडद्यासमोर खुर्ची ओढली, तसं येरसाईनने विचारलं.

"अस्तानाला. तू रोज बोलावतोस ना?"

त्याचा चेहरा उजळला. ती अल्माटीच्या धावपट्टीवरून सुरेख उडाली. विमान एका रेषेत लागल्यावर तिने उठून सगळ्यांना जेवायला वाढलं. बल्खाशवर असताना मटण झालं, कारागंडा आलं तेव्हा जुमागाझींनी उभं राहून सलाम ठोकला, चहा ओतला तेव्हा खाली अस्ताना दिसू लागली. सगळे खुर्चीमागे गोळा झाले. हजारो विमानं बोलून उतरवलेल्या बाई पहिल्यांदा सगळ्यांसमोर हातांनी उतरवत होत्या. विमान खाली आलं, धावपट्टीला टेकलं, उसळलं, डावीकडे गेलं, कुंपण तोडलं आणि शेतात नाक खुपसून उभं राहिलं.

येरसाईनने ओठ घट्ट मिटून धरले होते.

बिबीसाराने शांतपणे चहाचा घोट घेतला.

"बघितलंस?" ती म्हणाली. "मी कधीपासून सांगतेय. अस्ताना मला मानवत नाही."