नुसतं वाकलं की झालं!

"कुत्र्यांचं मला शिकवू नका!" दीनानाथरावांनी पोह्यांची बशी टेबलावर आपटून जाहीर केलं. "अख्खी नाना पेठ विजेचे मीटर बघत फिरलोय मी. प्रत्येक जिन्याखाली एक कुत्रं, आणि प्रत्येक कुत्र्याला वाटायचं, मीटर त्याच्या बापाचा! पण चावलं का एक तरी? नुसतं वाकायचं. दगड उचलल्यासारखं. बास!"

"तुमच्या कमरेला आता पट्टा आहे," सुलभाताई म्हणाल्या.

"पट्ट्यासकट वाकेन!"

प्रकरण साधं होतं. ऑकलंडच्या हिल्सबरो भागात मुलगा सुशांत आणि सून अबोली यांच्याकडे दोघं सहा महिन्यांसाठी आले होते. मुलं मोठ्या हौसेनं आईबापांना बोलावतात, विमानतळावर मिठ्या मारतात, आणि दुसऱ्या दिवसापासून सांगायला लागतात, बाबा हे बटण दाबू नका, बाबा ते दार उघडू नका. शोकेसमधल्या बाहुलीला तरी जास्त मोकळीक असते! दीनानाथरावांना हवं होतं फक्त मागच्या अंगणातलं ऊन. एक खुर्ची, एक कप चहा आणि पाठीवर सकाळचं ऊन. तिकडे जुलै म्हणजे ऐन हिवाळा, आणि घरात ऊन शिरायचं ते पाहुण्यासारखं, उभ्याउभ्या.

पण शेजारी टँक होता. नाव टँक, देह टँकचा, आणि आवाज फुटक्या सायलेन्सरच्या ट्रकचा! दीनानाथरावांनी अंगणात पाय ठेवला, की तो लाकडी कुंपणावर पुढचे पाय टाकून असा भुंकायचा, की कपातला चहा बशीत यायचा.

"मी कौन्सिलला, म्हणजे इथल्या महापालिकेला, कळवतेच," अबोली म्हणाली. "त्याला आधीच एक वॉर्निंग मिळालीये. आणखी एक तक्रार गेली की घेऊन जातील. तोवर बाबा, तुम्ही आत बसा."

"तोवर म्हणजे परत जाईपर्यंत! काही नको. आज मी त्याला सरळ करतो."

आणि ते निघाले. टँकनं तोफ डागली. दीनानाथरावांनी डोळे वटारले, पट्टा सावरला आणि झपकन वाकले.

लॉनवर दगड नव्हता. खडाही नव्हता. हिरवंगार, विंचरून भांग पाडल्यासारखं गवत! असला कसला देश, जिथं माणसाला मारायला दगड मिळत नाही? पण नाना पेठेत तरी दगड कुणी उचलला होता? तो एक करार होता. माणूस वाकणार, कुत्रं चार पावलं मागे जाणार, आणि दोघांचीही अब्रू राहणार. गल्लीतला खंड्या तर इतका मुरलेला, की दीनानाथरावांनी नुसता खिशातून हात बाहेर काढला तरी आळस देऊन बाजूला व्हायचा, आणि संध्याकाळी त्यांच्याच दारात शिळ्या पोळीसाठी हजर! आपल्याकडे माणसाला साहेबावर ओरडता येत नाही, म्हणून तो कुत्र्यावर ओरडतो. खंड्याला हे ठाऊक होतं. तो मनाला लावून घेत नसे.

वाकलेल्या दीनानाथरावांनी रिकाम्या मुठीनं हात उगारला. टँक गप्प झाला! मान तिरकी केली. आणि कुंपणावरून पाय काढून चक्क पळाला!

"सुलभा! बघितलंस? पळालं! आण चहा!"

खुर्ची आली, चहा आला. ऊन पाठीवर पडलं. दीनानाथरावांनी पहिला घोट घेतला आणि धप्प! कुंपणावरून टँक अंगणात. तोंडात हिरवा, लाळेनं निथळणारा टेनिसचा बॉल.

बॉल कुणी बघितला? दीनानाथरावांनी बघितले फक्त दात. कप हवेत, चप्पल गवतात आणि ते सुसाट! मागे टँक. समोर कपडे वाळत घालायची गोल फिरणारी लोखंडी छत्री. दीनानाथरावांनी तिची आडवी दांडी धरली, पाय वर घेतले, आणि छत्री फिरायला लागली. चादर, अबोलीचा कुर्ता, सुशांतच्या चड्ड्या आणि दीनानाथराव. खाली टँकही गोल गोल, शेपूट हलवत!

सुलभाताई दारात आल्या. "अहो, स्वतःला कशाला वाळत घातलंत?"

"फोन कर!" दीनानाथराव चादरीतून ओरडले.

अबोलीनं कौन्सिलला केलाच होता.

शेजारचा म्हातारा कॉलिन जँडल्स फटफटवत धावत आला, तो पांढराफटक. आपली स्लिपर म्हणा की तिकडची जँडल, धावताना आवाज तोच. तो हात जोडल्यासारखं करून अबोलीला काहीतरी सांगत होता. पंचाईत एवढीच, की त्याचं बोलणं संपायच्या आत कौन्सिलची गाडी दारात. गाडीला मागे जाळी.

गाडीतून उतरलेल्या बाईनं आधी टँकला पट्टा लावला, मग दीनानाथरावांना खाली उतरवलं. "अनोळखी कुत्र्याच्या डोळ्यांत रोखून बघू नये, त्याच्यावर हात उगारू नये, आणि पळू तर मुळीच नये," ती शांतपणे म्हणाली; अबोलीनं ते मराठीत सांगितलं. "झाडासारखं बाजूला वळून उभं राहावं. तुम्ही काय केलंत?"

तिन्ही, आणि त्याच क्रमानं!

"दाखवा बरं."

ते वाकले, हात उगारला. टँकनं बॉल त्यांच्या पायाशी टाकला आणि दोन पावलं मागे जाऊन बसला. जिभेला लाळ, डोळ्यांत आशा.

कॉलिननं कपाळाला हात लावला. "माझ्या खांद्याचं ऑपरेशन झालंय. उन्हाळ्यापासून कुणी त्याच्याशी खेळलं नाही. ह्या गृहस्थांना पाहिलं की तो रोज विचारतो, टाकता का? टाकता का?"

म्हणजे एवढं भुंकणं ते आर्जव होतं!

बाईनं पेन काढलं. "पण तो कुंपण ओलांडून आला. सर, त्यानं तुमच्यावर हल्ला केला का?"

अबोलीनं सासऱ्यांकडे पाहिलं. हो म्हणा, ती डोळ्यांनी सांगत होती. हो म्हटलं की ऊन कायमचं यांचं. दीनानाथरावांची नजर गाडीच्या जाळीवर गेली. महापालिकेची कुत्री धरायची गाडी गल्लीत आली, की अख्खी पेठ कशी धावायची! दिवसभर खंड्याला शिव्या घालणाऱ्या बायकाच त्याला ओढून सुलभाताईंच्या मोरीत लपवायच्या, वर उपडं घंगाळ, आणि दाराशी उभ्या राहून म्हणायच्या, "कुत्रं? छे हो! आमच्याकडे मांजरसुद्धा नाही!"

"नो नो!" दीनानाथराव छाती काढून म्हणाले. "नो हल्ला! आय कॉल. ही कम. फॉर टी!"

"तुम्ही कुत्र्याला चहाला बोलावलंत?"

"येस! एव्हरी डे!"

सुलभाताईंनी पदर तोंडात कोंबला. बाईनं पेन परत खिशात ठेवलं आणि म्हणाली, "मग रोज बोलवा. मी अधूनमधून बघायला येईन. आणि कॉलिन, कुंपण उंच कर, मध्ये फाटक लाव."

"स्वीट ॲज!" असं, म्हणजे तिकडचं 'झकास', म्हणत कॉलिननं ठणठणीत खांद्याच्या हातानं दीनानाथरावांच्या पाठीवर अशी थाप मारली, की पट्ट्याचा बंद सुटला.

मग काय! फाटक लागलं, आणि परतीच्या दिवसापर्यंत दीनानाथराव रोज वाकत राहिले. ऊन मिळालं, पण बसायला फुरसत नाही!

पुण्यात परतल्यावर पहिल्याच सकाळी ते गल्लीत उतरले. खंड्या कधीच गेला होता, पण त्याच्याच रंगाचं एक कुत्रं दुकानाच्या पायरीवर पसरलं होतं. दीनानाथरावांचा ऊर भरून आला. कॉलिननं निरोपाला दिलेला टेनिसचा बॉल त्यांनी खाली ठेवला, प्रेमानं वाकले, बॉल उचलला, हात उगारला.

कुत्रं केकाटत बोळात! त्याच्यामागे पलीकडची दोन. गल्ली साफ! बॉल टप्पे खात गटाराकडे निघाला.

"अरे, आण की! आण!" दीनानाथराव रिकाम्या गल्लीत ओरडले.

वर गॅलरीत सुलभाताई कपडे वाळत घालत होत्या.

"पळा," त्या म्हणाल्या. "तुम्हीच आणा आता!"

दीनानाथरावांनी पट्टा सावरला आणि पळाले.