बोरकर सरांचा बोगदा

डॉ. बोरकर भाजी मापून घेतात. वजनाने नव्हे, जाडीने. त्यांच्या खिशात कायम एक स्टीलची पट्टी असते, तिला लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने भोकं. गुडघ्यात नवा लिगामेंट बसवण्याआधी त्याची जाडी मोजायची ही पट्टी. ऑपरेशनच्या कामातून बाद झालेली. मंडीत ते गाजर उचलतात, एकेका भोकात घालून बघतात आणि भाजीवाल्याला सांगतात, "साडेआठ. चलेगी." भाजीवाला माझ्याकडे बघतो. मी भेंडीकडे बघते. या माणसापुढे मी कधीचेच हात टेकलेत.

मी मूळची कोल्हापूरची. नवऱ्याची हवाई दलातली बदली झाली म्हणून चंदीगडला आले आणि मोहालीतल्या हॉस्पिटलात भूल देते. सर तिथेच गुडघ्यांची ऑपरेशनं करतात. ते अकोल्याचे. एका थिएटरात दोन मराठी माणसं, एवढ्यावरून सगळ्यांनी मला त्यांची नातेवाईक ठरवून टाकलंय. "आपके सर" असं म्हणून त्यांची गाऱ्हाणी माझ्याकडे येतात. गाऱ्हाणी खरी असतात. माझ्या डब्यातल्या पोळीची गुंडाळी करून त्यांनी ती पट्टीत घातली आणि "ढिली आहे" म्हणून परत केली, तिथे मी दुसऱ्यांची काय समजूत घालणार?

त्यांचं काम ऐकायला सोपं आहे. मांडीतून दोरीसारखा स्नायुबंध काढायचा, दुमडून जाड करायचा आणि हाडात बोगदे पाडून त्यातून ओवायचा. तोच नवा लिगामेंट. पण बोगदा पाडण्याआधी सर ड्रिल धरून जे थांबतात, ते थांबतातच. मी घड्याळ बघितलं की ऐकवतात, "घाई काऊन करता, मॅडम? पाडलेलं भोक मागे सरकत नाही."

शिकाऊ डॉक्टरांची ते फार थट्टा करतात. मांडीच्या हाडाला, मागच्या कडेच्या अलीकडे, एक उंचवटा असतो. बोगदा हवा कडेलगत; नवखा माणूस उंचवट्यालाच कड समजतो आणि तो पुढे पाडतो. मग लिगामेंट कितीही जाड असो, तो ताण खाऊन सैल पडतो. कड दिसली असं एखादा म्हणाला की सर म्हणतात, "ते फाटक आहे बाप्पा, घर अजून मागे आहे."

जसलीन हँडबॉल खेळायची; गुडघ्यातला लिगामेंट तुटला म्हणून सरांकडे आली. वडील डेराबस्सीला औषधांच्या कारखान्यात कामाला. राज्याच्या संघात निवड झाली तर पोलिसात नोकरी लागेल, या आशेवर सगळं घर होतं. तिचा स्नायुबंध बारीक निघाला. पट्टीतल्या सातच्या भोकातून सुळकन गेला. सरांना निदान आठ तरी हवा होता. त्यांनी आणखी एक काढला, पुन्हा दुमडला, ओढला, शिवला. आठच्या भोकात घट्ट बसला तेव्हा मास्कच्या आत ते हसले. त्याच आनंदात त्यांनी ड्रिल उचललं आणि त्या दिवशी थांबलेच नाहीत.

निवडीच्या तोंडावर, सरावात, जसलीनचा गुडघा पुन्हा निसटला. सगळे म्हणाले, मुलीचा लिगामेंटच बारीक होता, कोण काय करणार. सरांनी स्कॅन पाहिला. बोगदा उंचवट्यावर होता. ज्या चुकीवरून जन्मभर पोरांना हसले, ती त्यांनी स्वतः केली होती. आता जुना बोगदा हाडाने बुजवायचा, तो भरून येईपर्यंत थांबायचं आणि मग पुन्हा सगळं पहिल्यापासून. निवड तर गेलीच. तिचं खेळणंच संपलं, हे आम्हाला सगळ्यांना कळत होतं आणि कुणाच्याच हातात काही नव्हतं.

लिगामेंट बारीक होता एवढंच सांगा, तेही काही खोटं नाही, असं व्यवस्थापकांनी सुचवलं. सरांनी तिच्या वडिलांना समोर बसवलं, हाडाचं मॉडेल हातात घेतलं आणि सांगितलं, "मैंने सुराख गलत जगह किया. गलती मेरी है."

जसलीन गुडघ्याचा पट्टा नुसता उघडत आणि लावत राहिली. मला वाटलं, आता हे सरदारजी टेबल उलथवणार. त्यांनी हात जोडून आभारच मानले. "ना जी, तुसी तां बहुत कीता. कुडी दी किस्मत ही माडी सी."

पोरीची किस्मत वाईट नव्हती, चुकलो मी, असं सर पुन्हा पुन्हा सांगत होते. वडील ऐकायलाच तयार नव्हते. उठताना त्यांनी इकडच्या रीतीने, नमस्कार म्हणून, सरांच्या गुडघ्याला हात लावला आणि लेकीला आधार देत बाहेर नेलं.

सरांनी हाडाचं मॉडेल टेबलावर ठेवलं. मग म्हणाले, "मॅडम, तुम्ही तरी रागवा मले."

मी म्हटलं, चला सर, चहा घेऊ.

"नाही. बायको होती तवा रागवायची. ती गेल्यापासून सगळे नुसते सर सर करून राहिले. रागवा ना."

मग मी रागावले. तोंडाला येईल ते बोलले. डोळे कुठे होते तुमचे, आठ आलं म्हणून इतकं हुरळून जायचं असतं का, त्या पोरीनं आता करायचं काय. बोलून बोलून दमले आणि थांबले.

ते मान खाली घालून उभे होते.

"अजून," ते म्हणाले.