डाव्या दरवाजातला आवाज

गाड्यांवर जीव असलेल्या बापाला वाढदिवसाला गाडीचीच एखादी वस्तू द्यावी, हा विचार वरवर पाहता अगदी सोपा वाटतो. लेकीने तो वर्षानुवर्षं करून पाहिला होता आणि दर वेळी तोंडावर आपटली होती. स्टिअरिंगचं मऊ कव्हर आणलं, तर बाबा म्हणाले, याने हाताला गाडी कळत नाही. अत्तराची बाटली आणली, तर गाडीला गाडीचाच वास हवा म्हणून ती बाथरूममध्ये गेली. मानेची उशी टीव्हीसमोरच्या खुर्चीला लागली. जुन्या गाड्यांवरचं जाडजूड पुस्तक मात्र बाबांनी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं, त्यातल्या चुका पेन्सिलीने समासात लिहिल्या आणि तिला परत दिलं.

"मला काही नको गं," ते दर वर्षी सांगत. "गाडी आहे की."

गाडी होती हे खरंच. आता रस्त्यावर तिच्या जातीची दुसरी दिसत नसे. पण बॉनेट उघडताना बाबांचा चेहरा जसा खुलतो, तसा आपल्या हातातली वस्तू पाहून एकदा तरी खुलावा, एवढी एकच लेकीची इच्छा होती.

त्या गाडीत एक आवाज होता. उजवीकडे वळलं की डावीकडे कुठेतरी टक्कन वाजायचं आणि मागोमाग काहीतरी घरंगळल्यासारखी बारीक खडखड व्हायची. दर रविवारी सकाळी बाबा आणि शेजारचे गाण्याचे मास्तर त्या आवाजाच्या मागावर निघत. बाबा गाडी चालवत आणि मास्तर मागच्या सीटवर डोळे मिटून एकेका पत्र्याला कान लावत. परत आल्यावर दोघं गोणपाट अंथरून गाडीखाली शिरत. जेवायला हाका मारमारून आईचा घसा बसला की गाडीखालून "आलोच" असं उत्तर येई. आवाज काही सापडत नसे, आणि त्याबद्दल दोघांपैकी कोणी फारसं हळहळतही नसे. पण हे दुसरं लेकीच्या लक्षात आलं नाही.

लेक दातांची डॉक्टर होती. त्रास देणारी गोष्ट उपटून काढायची आणि माणसाला मोकळं करायचं, हा तिचा रोजचा धंदा. बिचारे बाबा इतकी वर्षं सोसतायत आणि आपण अत्तराच्या बाटल्या कसल्या आणतोय, असं तिच्या मनात आलं आणि या वर्षीची भेट ठरली. दवाखान्यात कपाट न्यायचंय अशी थाप मारून तिने गाडी मागून घेतली आणि थेट गॅरेजमध्ये नेली. मेकॅनिकने डाव्या दरवाजाचं आतलं आवरण काढलं, पोकळीत हात घातला आणि एक नट बाहेर काढला. समोरचा चहा निवायच्या आत सगळं आटोपलं.

वाढदिवसाला तिने तो नट अंगठीच्या डबीत घालून बाबांच्या हातावर ठेवला. "बाबा, हा तुमचा आवाज," ती म्हणाली.

बाबांनी नट खिडकीपाशी नेऊन उजेडात पाहिला. "वा," ते म्हणाले. "छान. फारच छान." लेकीला हा सूर ओळखीचा वाटला. तिच्या खुर्चीत बसलेले पेशंट दातओठ आवळून "नाही, नाही, दुखत नाहीये" म्हणतात, तेव्हा असाच लागतो. पण बाबांनी लगेच ती डबी दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात अगदी दर्शनी भागात मांडली, आणि लेक सुखावली.

पुढच्या रविवारी बाबा आणि मास्तर निघाले आणि आईची भाजी चिरून व्हायच्या आत परत आले. गाडी कशी आहे, असं लेकीने फोनवर विचारलं, तर "एकदम शांत" असं उत्तर मिळालं. दोघं पायरीवर बसून राहिले. मास्तर थोड्या वेळाने उठून घरी गेले, आणि बाबांचे रिकामे हात घराकडे वळले.

त्यांना स्वयंपाकघराच्या खणातून आवाज येऊ लागला. मग मिक्सरमधून. तो त्यांनी पूर्ण खोलून परत जोडला, तेव्हा दोन स्क्रू शिल्लक उरले. कधी न गळणारा नळ दुरुस्त झाला आणि गळू लागला. दाराची बेल कोणी आलेलं नसताना वाजायची आणि कोणी आलं की गप्प बसायची. शेवटी बाबा दवाखान्यात येऊन बसू लागले. पेशंटच्या खुर्चीखाली काहीतरी कुरकुरतंय म्हणून त्यांनी फक्त एक बोल्ट आवळला, तर तोंडात कापूस कोंबलेला पेशंट हळूहळू छताकडे निघाला आणि तिथेच राहिला. त्याला स्टूल लावून उतरवावं लागलं.

त्याच संध्याकाळी आईचा फोन आला. "तू तो आवाज काढलास ना, आता तूच परत घाल. काल रात्री मला उठवून विचारत होते, तू घोरतेस ते नक्की डावीकडून की उजवीकडून."

काचेच्या कपाटातला नट उचलला असता तर बाबांना तात्काळ कळलं असतं. म्हणून लेकीने दवाखान्यातून दातावर बसवायची, मापात चुकलेली धातूची एक कॅप आणली आणि बाबा अंघोळीला गेलेले पाहून दरवाजाच्या काचेलगतच्या फटीतून आत सोडली. रविवारी बाबा आणि मास्तर दुपारी परतले. लेकीने हळूच चौकशी केली.

"एकदम शांत," बाबा म्हणाले.

कॅप फारच हलकी असावी, असा विचार करून तिने दुसरी टाकली, मग एका दाढेची चांगली वजनदार टाकली. आईने आपल्या शिलाई मशीनची एक बॉबीन सोडली. तरी बाबांचं उत्तर तेच, आणि मास्तरही मान डोलावून "अगदी मुकी झालीय गाडी" म्हणत. आता मात्र लेकीला काळजी वाटू लागली. ज्या माणसाला चौकात ऐकू आलेल्या गाडीचं मॉडेल न पाहता सांगता येई, त्याला स्वतःच्या दरवाजात अर्धी कवळी वाजलेली कळू नये? त्यांचे कानच गेले असतील, तर त्यांच्या आयुष्यात उरलं काय? तिला रात्री झोप लागेना.

तिने बाबांना नेहमीची तपासणी म्हणून आपल्या कानाच्या डॉक्टर मैत्रिणीकडे नेलं. मैत्रीण म्हणाली की कान तरुण मुलाचे आहेत. वर तुझ्या बाबांनी माझ्या पंख्याचं बेअरिंग जाणार म्हणून सांगितलंय, असंही म्हणाली. म्हणजे कान शाबूत होते आणि तरी आवाज ऐकू येत नव्हता. लेकीने जाहीर केलं की या रविवारी मीही गाडीत येणार. बाबांचा चेहरा पडला. सुट्टीच्या दिवशी कशाला दगदग, आराम कर, असं त्यांनी खूप समजावलं, पण ती हटली नाही.

रविवारी ती जरा लवकरच पोहोचली. फाटकापाशी चपलेचा पट्टा सारखा करायला वाकली, तेव्हा पलीकडून बाबांचा आवाज आला.

"मास्तर, आज उजवीकडे वळलं की तुम्ही गायला लागायचं. मोठ्याने. तिला कळता कामा नये."

"पण आवाज चांगला चौपट झालाय हो," मास्तर म्हणाले. "किती दिवस लपवणार?"

"लपवायचा जमेल तितके दिवस. पोरीने इतक्या प्रेमाने गाडी शांत करून दिली. आपल्याला मजा येतेय हे खरं, पण तिची भेट वाया गेली असं वाटलं ना, तर ती मनाला लावून घेईल."

लेक तशीच वाकून राहिली. तिला हसू येत होतं आणि डोळेही भरून आले होते, आणि या दोन्हींपैकी एकही घेऊन आत जाणं शक्य नव्हतं. थोड्या वेळाने फाटक मुद्दाम वाजवून ती गेली आणि बाबांच्या शेजारी बसली.

पहिलं उजवं वळण आलं. चमच्यांनी भरलेला खण कोणी ओढून खाली पाडावा, तसा डावा दरवाजा वाजला. त्याच क्षणी मागून मास्तरांनी असा काही सूर लावला की रस्त्यावरची दोन कुत्री उठून चालू लागली. बाबा ओरडून विचारत होते की हल्ली लोकांचे दात फार किडतात का. प्रत्येक वळणाला ते तिच्याकडे चोरून बघत, आणि ती बाहेर बघत राही. मास्तरांचा श्वास संपला तेव्हा एका वळणावर आवाज अगदी उघडा पडला. बाबांनी गाडी हळू केली.

"काय गं," ते घाबरत म्हणाले, "काही ऐकू आलं का तुला?"

"नाही, बाबा," ती म्हणाली. "एकदम शांत आहे."

बाबांनी सुटकेचा श्वास सोडला आणि बॉनेट उघडताना खुलतो तसा त्यांचा चेहरा खुलला. जरा लांबून जाऊ या का, असं त्यांनी विचारलं, आणि तिने आनंदाने होकार दिला.

संध्याकाळी आईचा फोन आला. "बाबा तुझ्या त्या कानाच्या मैत्रिणीची वेळ घ्यायला सांगतायत."

"आता कशाला? त्यांचे कान तर चांगले आहेत."

"त्यांच्यासाठी नाही गं," आई म्हणाली. "तुझ्यासाठी. फार काळजीत आहेत."