जाऊन आलेला माणूस

दामलेकाकांसमोर न पाहिलेल्या गोष्टीबद्दल बोलायची सोय नाही. "टास्मानिया फार सुंदर आहे म्हणे," असं मी कुंपणावरून सहज बोलून गेलो, तर गुलाबांना पाणी घालता घालता ते थांबले.

"गेला होतास?"

"नाही."

"मग जाऊन आलेल्या माणसाला बोलू दे." पाण्याचा पाईप पुन्हा सुरू.

इथे केलीव्हिल या उपनगरात, आमच्या शेजारी, मुलाकडे राहायला आल्यापासून काकांनी पहिल्यावहिल्या अंतराळवीरांच्या आठवणींच्या पुस्तकांचा फडशा पाडलाय. रशियन, अमेरिकन, कुणाला सोडलं नाही. शास्त्रज्ञांची पुस्तकं मात्र वर्ज्य, कारण "ते खालीच बसले होते!" एकदा मोटरवेवर आम्ही ट्रॅफिकमध्ये अडकलो आणि मला जोराची लागली. काका एकदम खुशीत. पहिला अमेरिकन अंतराळवीर उड्डाणाआधी असाच ताटकळला आणि शेवटी सूटमध्येच मोकळा झाला, हे त्यांनी साग्रसंगीत सांगितलं. "स्वतः कबूल केलंय त्याने!" मागच्या सीटवरून नात ओरडली, "आजोबा, प्लीज! नॉट अगेन!"

मग काकूंचा एमआरआय ठरला. बंद जागेची त्यांना भयंकर धास्ती; पहिल्या वेळी मशीन बघूनच त्या परत फिरल्या होत्या. एमआरआयशिवाय पुढचे उपचार ठरेनात. मुलगा, सून, मी, सगळे त्यांना सांगत होतो, "काही होत नाही हो." एरवी बोलायचं न थांबणारे काका मात्र गप्प. मला त्यांचा रागच आला.

शनिवारी दुपारी मी त्यांच्या गराजमध्ये डोकावलो, तर फ्रिजच्या आडव्या खोक्यातून काकांचे पाय बाहेर आलेले.

"बरं झालं आलास," आतून आवाज आला. "ते पातेलं घे आणि माझ्या डोक्याशी बडव. मशीन फार खडखडतं म्हणतात."

मी मन लावून बडवलं. काका बाहेर आले ते घामाघूम होऊन, आणि तसेच स्वयंपाकघरात गेले.

"सुमन, भीती वाटते गं," ते म्हणाले. "खोटं कशाला सांगू? डोळे आधीच मिटून घे. आत गेल्यावर उघडलेस की छत अंगावर येतं."

काकू त्यांच्या केसांतले थर्माकोलचे कण बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही येणार का आत?"

हॉस्पिटलने परवानगी दिली. घड्याळ, अंगठी, पट्टा, सगळं माझ्या हातात देऊन काका ढगळ पँट सावरत आत गेले.

घरी येताना गाडीत काका गाढ झोपले होते. काकू हळूच मला म्हणाल्या, "मी डोळे उघडलेच नाहीत. पण एका हातात पँट होती ना त्यांच्या, दुसऱ्या हाताने माझा पाय शेवटपर्यंत धरून होते."