विहित नमुन्यातलं पाणी

एका जंगलात एक दप्तर होतं. दप्तर म्हणजे तुमच्या पाठीवरचं नव्हे रे बाळांनो, नीट बसा. दप्तर म्हणजे कचेरी. कोणी कुठं चरायचं, कोणी कधी पाणी प्यायचं, कोणाचं बीळ कुठपर्यंत, हे सगळं तिथं लिहून ठेवलेलं असे. लिहून ठेवलं की भांडणं होत नाहीत, असं त्या जंगलातल्या जुन्याजाणत्यांचं मत होतं. जुनेजाणते भाबडे होते.

दप्तर सांभाळायला भिकोबा साळिंदर होता. लिहायचं सागाच्या पानावर, आणि लेखणी म्हणजे स्वतःच्याच पाठीवरचा काटा. एका नोंदीला एक काटा. काटे पुन्हा उगवायचे, नाही असं नाही, पण नोंदी त्याहून भराभर यायच्या. बत्तीस वर्षांच्या नोकरीत भिकोबाची पाठ निम्मी उघडी पडली होती आणि थंडीत ती काकडायची.

त्याला त्याचं काही वाटत नसे. त्याला एका पानाचा फार अभिमान होता. पान दोनशे बारा. त्यावर लिहिलं होतं, ‘पहाटेपासून उन्हं वर येईपर्यंत झऱ्याचं पाणी सशांचं. त्या वेळात सुळेवाल्यांनी तिकडं फिरकू नये.’ ते पान लिहिण्याआधी लांडगे झऱ्यावर दबा धरून बसायचे. लिहिल्यापासून झऱ्यावर एकही ससा मेला नव्हता. कामावर येताना भिकोबा रोज वाट वाकडी करून झऱ्याकडून यायचा, पाण्याशी वाकलेले लांब कान मोजायचा, आणि मगच त्याला चहा गोड लागायचा.

हो, साळिंदर चहा पितं. गोष्ट मी सांगतोय की तुम्ही?

आता दप्तर म्हटलं की वाळवी आलीच. बत्तीस वर्षांत तिनं अकरा पानं खाल्ली होती. दोनशे बाराची पाळी येईल या धास्तीनं भिकोबाची झोप उडाली. त्यानं साहेबांना तीन अर्ज केले. साहेब म्हणजे गवा. सगळे त्यांना गवेसाहेब म्हणत. गवेसाहेब अंगानं थोर होते आणि बुद्धीनं, बरं का, अंगानं फारच थोर होते.

तिसऱ्या अर्जानंतर गावकुसाकडचा धोंडू मुंगूस बोलावला गेला. तो कॉम्प्युटरची कामं करायचा. त्यानं काडेपेटीएवढी एक डबी आणि हातभर वायर आणली. ही बाहेरून जोडायची सॉलिड स्टेट ड्राइव्ह, असं त्यानं सांगितलं. आत काही फिरत नाही, पडली तरी सहसा बिघडत नाही, तुमचं अख्खं दप्तर हिच्या एका कोपऱ्यात मावेल, आणि वाळवीचे दात हिला लागत नाहीत. भिकोबाच्या डोळ्यांत पाणीच आलं.

गवेसाहेबांनी मात्र डबीपेक्षा नाव जास्त मन लावून ऐकलं होतं. सॉलिड म्हणजे भक्कम. स्टेट म्हणजे राज्य. आणि ड्राइव्ह म्हणजे काय, हे खात्यात जन्म गेलेल्याला का शिकवायला हवं? ड्राइव्ह म्हणजे मोहीम. वृक्षारोपणाची असते, स्वच्छतेची असते, तशी. झालं. दुसऱ्याच दिवशी बेहड्याच्या दोन झाडांमध्ये फलक लागला, ‘भक्कम राज्य मोहीम’. डबी पाटावर बसली. तिला हळदकुंकू लागलं. नारळ फुटला, आणि त्याचं पाणी डबीवर पडणार तोच धोंडूनं तिला वरच्यावर उचललं. गवेसाहेबांनी सव्वा तास भाषण केलं आणि त्यांचे चारशे फोटो निघाले.

मग धोंडूनं डबी दप्तरातल्या जुन्या कॉम्प्युटरला जोडली. नवी कोरी डबी ती, कॉम्प्युटरनं रीतीप्रमाणे विचारलं, फॉरमॅट करायची का? धोंडू हो म्हणाला. हा शब्द मात्र गवेसाहेबांनी ऐकला आणि त्यांचे कान टवकारले. फॉरमॅट! त्यांच्या खात्यात फॉरमॅट म्हणजे विहित नमुना. तहानेनं मरणाऱ्याचा अर्जसुद्धा विहित नमुन्यात नसेल तर त्यांनी परत पाठवलेला. यंत्र आपल्या आपण विहित नमुन्याची चौकशी करतं हे पाहून त्यांना भरून आलं. पुढं आठवडाभर ते दिसेल त्याला तेच सांगत होते.

भिकोबा कामाला लागला. एकेक पान उन्हात धरायचं, फोटो काढायचा, डबीत टाकायचा. जुन्या कॉम्प्युटरचं पोट गच्च भरलेलं, म्हणून फोटो थेट डबीतच. चार महिने त्याच्या नाकी नऊ आले. धोंडूनं जाताना त्याला तीन गोष्टी बजावल्या होत्या. डबी उपटून काढायची नाही, आधी कॉम्प्युटरला सांगायचं. यंत्र काही विचारेल तर वाचल्याशिवाय हो म्हणायचं नाही. आणि जे एकाच ठिकाणी आहे ते कुठंच नाही असं समजायचं, तेव्हा दुसरी डबी घ्यायची.

दुसऱ्या डबीचं नाव काढताच गवेसाहेब रागावले. दुसरी मागणं म्हणजे पहिलीवर अविश्वास, आणि पहिलीवर अविश्वास म्हणजे ज्यांनी तिचं उद्घाटन केलं त्यांच्यावर अविश्वास. वर त्यांनी हुकूम काढला की मोहीम यशस्वी झाली, सबब सागाची जुनी पानं वाळवीला देऊन टाकावीत. भिकोबानं दोनशे बारा तेवढं राहू द्या म्हणून पाय धरले. एका पानाला एक न्याय आणि दुसऱ्याला दुसरा, असं आपल्या राज्यात चालत नाही, असं साहेबांनी सुनावलं. वाळवी त्या रात्री पोटभर जेवली.

उन्हाळा आला. डोह आटले, झरा तेवढा राहिला. आणि लांडग्यानं अर्ज केला, अगदी विहित नमुन्यात, की पहाटेचं पाणी आपलं आहे.

सुनावणी झऱ्यावरच ठेवली. सशांकडून ठकूबाई आली, पाच पिल्लं मागं घेऊन. घाबरलेली होती बिचारी. भिकोबानं तिला धीर दिला. पान दोनशे बारा डबीत आहे, वाळवीचा बापही त्याला खाऊ शकत नाही, असं तो म्हणाला.

गवेसाहेबांना मोहिमेबद्दल वरून नवा कॉम्प्युटर बक्षीस आला होता. तोच त्यांनी सुनावणीला झऱ्यावर आणवला होता, आणि तो वेगळ्या जातीचा होता. भिकोबानं डबी जोडली. नव्या कॉम्प्युटरला जुन्याची भाषा येईना. डबीत काय आहे ते त्याला वाचता येईना. पण मला येत नाही असं कबूल करायला तो काय लहान पोर होता? त्यानं दोष डबीलाच दिला. पडद्यावर अक्षरं उमटली, ‘ही डबी वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल. करायची का?’

भिकोबाच्या उरल्यासुरल्या काट्यांवर काटा आला.

“साहेब, हो म्हणू नका,” तो म्हणाला. “ह्याला वाचता येत नाही, एवढंच आहे. मी जुन्याला लावून आणतो.”

“म्हणजे इतके दिवस हे दप्तर विहित नमुन्यात नव्हतं?”

“होतं, साहेब. फॉरमॅट म्हणजे इथं ते नव्हे. सगळं पुसलं जाईल.”

“भिकोबा,” गवेसाहेब शांतपणे म्हणाले, “नमुना मला शिकवू नका.”

आणि त्यांनी खुरानं हो दाबलं. कॉम्प्युटरनं पुन्हा विचारलं, सगळं पुसलं जाईल, नक्की ना? एवढ्या अदबीनं दोनदा विचारणारा कर्मचारी गवेसाहेबांना उभ्या जन्मात मिळाला नव्हता. त्यांनी पुन्हा हो दाबलं. अर्ध्या मिनिटात डबी स्वच्छ झाली.

ठकूबाईनं विचारलं, “भिकोबा, आमचं पान कुठाय?”

 भिकोबानं पाठीचा एक काटा उपटला आणि आठवणीतून पान पुन्हा लिहायला घेतलं. प्रमाणित प्रत नाही म्हणून साहेबांनी ते बाजूला सारलं. मग वाळवीला साक्षीला बोलावलं. ती म्हणाली, आम्ही पानं खाल्ली, वाचली नाहीत, आणि आम्हाला तसा हुकूम होता. धोंडू धावत आला. डबीला कोणी हात लावू नका, शहरातल्या जाणकाराला कदाचित काही परत काढता येईल, असं विनवू लागला. पण रिकामी डबी बरी दिसत नाही म्हणून साहेबांनी तोवर तिच्यात उद्घाटनाचे चारशे फोटो आणि सव्वा तासाचं भाषण भरून टाकलं होतं.

निकाल लागला. दप्तरात कोणाचाच हक्क नोंदलेला नाही, सबब ज्याचा अर्ज विहित नमुन्यात, त्याचं पाणी. सशांनी हवं तर नव्यानं अर्ज करावा, सोबत पान दोनशे बाराची प्रत जोडावी.

वर्षअखेरीस वरून तपासणी आली. डबीत एकही तंटा, एकही तक्रार सापडली नाही. इतकं निर्मळ दप्तर तपासणीवाल्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. गवेसाहेबांना बढती मिळाली. भिकोबानं साहेबांना भर सुनावणीत टोकलं होतं, त्याची तर निकालाच्याच दिवशी खडकाळ माळावर बदली झाली होती, जिथं लिहायला पान नाही आणि पाणी प्यायला कोणी येत नाही.

ठकूबाई आता त्याच माळावरून दोन कोसांवरच्या ओढ्याला जाते. पहिल्या दिवशी जाताना पाच पिल्लं होती. येताना तीन होती. भिकोबानं मोजली, पण तो आता दप्तरात नव्हता, त्यामुळं ह्याची नोंद कुठंही नाही.

तात्पर्य: वाळवी न विचारता खाते, म्हणून ती कीड. यंत्र दोनदा विचारून खातं आणि आपण दोनदा हो म्हणतो, म्हणून ती सुधारणा. तेव्हा बाळांनो, प्रश्न वाचत बसू नका. हो म्हणा आणि मोठे व्हा. फक्त जन्माला येताना ससा होऊ नका.