नामगुंगची गाडी हलत नाही

को मांदोकला कुणाचाही हेवा वाटत नाही. हे आमच्या वसाहतीत सगळ्यांना माहीत आहे, कारण तो स्वतःच सगळ्यांना सांगत असतो. लिफ्टमध्ये सांगतो, कचरा वेगळा करताना सांगतो, आणि शेजारच्या नामगुंगनं नवी गाडी आणली त्या आठवड्यात तर त्यानं दही विकणाऱ्या मावशींनाही रस्त्यात थांबवून सांगितलं!

"माणसानं अंथरूण पाहून पाय पसरावे," तो बायकोला म्हणाला. "आपली गाडी जुनी असेल, पण इमानी आहे. कधी दगा दिला का तिनं?"

"मागच्या थंडीत दोनदा," सुन्ये कोबी चिरता चिरता म्हणाली.

"ती बॅटरी होती! गाडी नव्हे!"

"बरं, बॅटरी. आता गॅलरीतून आत या. सकाळपासून त्यांच्या गाडीकडे काय बघताय?"

"मी हवा बघतोय!"

खरं सांगायचं तर मांदोक जळत होता. ओल्या लाकडासारखा, जाळ कमी आणि धूर फार. दोघं एकाच वर्षी या इमारतीत राहायला आले, दोघांचे पगारही थोड्याफार फरकानं सारखेच. पण मांदोकनं किमचीसाठी, म्हणजे कोबीच्या लोणच्यासाठी, वेगळा फ्रीज घेतला की महिन्याच्या आत नामगुंगकडे त्याहून मोठा हजर. मांदोकचं आडनाव एका अक्षराचं, नुसतं 'को'. आणि हे बघा, नामगुंग! आडनावातसुद्धा बेट्यानं आपल्याला मागं टाकलंय, हे मांदोकला आयुष्यभर खुपत आलेलं.

आणि आता ही गाडी. काळी, लांब, आणि इतकी चकचकीत की मांदोकला तिच्या दारात स्वतःचं टक्कल दिसायचं. गाडी आली त्या संध्याकाळी नामगुंगनं खाली तिची रीतसर पूजा घातली. बॉनेटसमोर पाट मांडला, पाटावर उकडलेलं डुकराचं डोकं आणि तांदळाचे केक ठेवले, चारी चाकांवर तांदळाची दारू शिंपडली. सगळी वसाहत पाया पडली. मांदोक सगळ्यांत जास्त वेळ डोकं टेकून होता. नामगुंगला गहिवरून आलं. "कोसाहेब, माझ्यासाठी एवढं मनापासून कुणी मागितलं नव्हतं हो!" मांदोकनं काय मागितलं होतं, ते सांगायला हरकत नाही. एक ओरखडा. फार मोठा नको, ड्रायव्हरच्या बाजूला असला तरी चालेल.

त्याच पूजेत घोटाळ्याचं बी पडलं. केक खाता खाता नामगुंग म्हणाला, "वहिनी, येत्या रविवारी तुमच्या दान्बीच्या होणाऱ्या सासरच्यांशी बैठक आहे ना? मी सोडतो तुम्हाला नव्या गाडीतून!"

"अय्या, किती मोठ्या मनाचे हो तुम्ही!" सुन्ये म्हणाली.

'मोठ्या मनाचे' हे शब्द मांदोकच्या घशात माशाच्या काट्यासारखे अडकले. "काही गरज नाही," तो म्हणाला. "आमची गाडी आहे."

दान्बी ही त्यांची एकुलती एक लेक. राजधानीत, सोलला, नोकरी करायची, तिथंच युन्सोक नावाच्या मुलाशी तिचं जमलं होतं. मुलगा गुणी होता. आता दोन्ही घरचे आईबाप एकदा समोरासमोर बसून जेवले, एकमेकांना पसंत पडले, की लग्न ठरलं. आणि त्या जेवणात काही बिनसलं तर लग्न मोडतंही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. दान्बीनं रात्री फोनवर बजावलं होतं, "बाबा, फक्त साधं वागा. एवढंच करा माझ्यासाठी."

रविवारी मांदोक नवा सूट घालून खाली उतरला. पाहतो तर काय! त्याच्या गाडीपुढं नामगुंगची गाडी आडवी!

यात गैर काही नव्हतं. आमच्याकडे माणसांपेक्षा गाड्या जास्त आणि गाड्यांपेक्षा जागा कमी. उशिरा येणारा दुसऱ्याच्या पुढ्यात गाडी आडवी लावतो, पण न्यूट्रलमध्ये, ब्रेक सोडून, काचेमागं फोन नंबर ठेवून. ज्याला निघायचं असेल त्यानं ती हातानं ढकलायची आणि वाटेला लागायचं. मांदोकनं कोट सावरला, दोन्ही हात गाडीला लावले आणि रेटा दिला.

गाडी हलली नाही.

पुन्हा रेटा दिला. मांदोकचे बूटच मागं घसरले!

"अहो, नंबर लिहिलाय की समोर," सुन्ये म्हणाली. "लावा फोन."

"फोन कशाला? गाडीच तर आहे, डोंगर नाही!"

फोन का नको, हे मांदोकला पक्कं माहीत होतं. फोन केला की नामगुंग खाली येणार. खाली आला की हळहळणार. हळहळला की 'चला, मीच सोडतो' म्हणणार, आणि सुन्ये आधी दार उघडून आत बसणार!

"मग टॅक्सी तरी?"

"व्याह्यांसमोर टॅक्सीनं? भाड्याच्या गाडीतून आलेला बाप म्हणतील मला!"

फाटकावरच्या चौकीतले काका आले, त्यांनी ढकललं. दहीवाल्या मावशींनी आपली दह्याची गाडी बाजूला लावून पदर... नव्हे, टोपी खोचली आणि ढकललं. चर्चला निघालेलं एक जोडपं हात लावून गेलं. प्रत्येकाकडे जोर कमी आणि सल्ला जास्त.

"डावीकडून रेटा!"

"आधी हलवून घ्या, मग रेटा!"

"चाकाखाली दगड असेल बघा!"

मांदोक बघायला वाकला. दगड नव्हता. मग त्यानं त्वेषानं पाठ लावली, दोन्ही हात मागं नेले, दातओठ खाल्ले, आणि जोर केला. 'टर्रर्र!' कोट उजव्या काखेपासून पार कमरेपर्यंत उसवला! आणि सरळ व्हायला गेला तर पँटीनंही पाठीमागून त्याला साथ दिली!

सुन्येनं कपाळाला हात लावला, आणि त्याच हातानं फोन लावला.

नामगुंग धावत खाली आला. "अरे देवा! नव्या गाडीत इंजिन बंद केलं की चाकं आपोआप अडकतात. न्यूट्रलमध्ये ठेवायला वेगळं बटण दाबावं लागतं, मी विसरलोच! माफ करा, कोसाहेब! किती उशीर झाला तुम्हाला! चला, मीच सोडतो!"

सुन्ये आत बसलीसुद्धा. कपडे बदलायलाही आता वेळ नव्हता.

मांदोकनं दाराला हात घातला तसा नामगुंग ओरडला, "थांबा, थांबा! मी उघडतो! हँडलला बोटांचे ठसे उठतात हो!" त्यासाठीच त्यानं स्वतः पांढरे हातमोजे घातले होते. स्टिअरिंगला घाम लागू नये म्हणून! मांदोक मागच्या सीटवर हाताची घडी घालून बसला. सीट मऊ होती. ती मऊ होती याचाच त्याला जास्त राग आला.

नदीकाठच्या त्या जेवणघरापुढं दान्बी, युन्सोक आणि त्याचे आईवडील वाट बघत उभे होते. आणि त्यांच्याशेजारी उभी होती एक पांढरीशुभ्र गाडी. नामगुंगच्या गाडीहून हातभर लांब! एक टोपीवाला माणूस तिच्या काचा पुसत होता. मांदोकनं कोट ओढून उसवलेली काख झाकली. व्याह्यांकडे ड्रायव्हर!

इतक्यात नामगुंग टुणकन उतरला, पळत मागं आला आणि पांढऱ्या हातमोज्यानं अदबीनं दार उघडलं. हँडल वाचवायला, दुसरं काही नाही. पण मुलाचे वडील प्योसाहेब ते बघतच राहिले.

"यावं, यावं! वा, काय गाडी आहे आपली! ड्रायव्हरही किती तत्पर!"

मांदोकनं पांढऱ्या गाडीकडे पाहिलं. मग नामगुंगकडे. वर्षानुवर्षं साठलेला धूर त्याच्या डोक्यात गेला. तो न वळता म्हणाला, "नामगुंग, गाडी सावलीत लाव."

नामगुंग बिचारा भला माणूस. "लावतो की!" म्हणाला आणि गेला. दान्बीनं तोंड उघडलं, तोच मांदोकनं तिच्या पायावर पाय दिला.

"त्यांनाही आत जेवायला बोलावू या ना," प्योबाई म्हणाल्या.

"नको. तो बाहेरच खातो. सवय आहे त्याला."

सुन्येनं नवऱ्याला असा चिमटा काढला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पण ओरडायची सोय नव्हती!

आत जेवणाचं पान सुरेख मांडलं होतं, पण मांदोकची पंचाईत काही संपेना. प्योसाहेबांनी कमरेत वाकून नमस्कार केला. मांदोकला वाकता येईना, पँट आणखी उसवली असती. त्यानं नुसती मान हलवली. प्योसाहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी दोन्ही हातांनी त्याला दारू ओतली. आमच्याकडे पेलाही दोन्ही हातांनीच घेतात, पण तसा घ्यावा तर काख दिसेल! मांदोकनं उजवा हात अंगाशी घट्ट धरून डाव्या हातानं पेला उचलला, एखादा जमीनदार कुळाकडून घेतो तसा. भाजलेला मासा दूर होता. त्यानं हनुवटीनं खूण केली. प्योबाईंनी मुकाट्यानं काटे काढून मासा त्याच्या पुढ्यात ठेवला. दान्बी लाल झाली, मग पांढरी पडली.

"आपल्याकडे बरेच नोकर असतील," प्योसाहेब चाचरत म्हणाले.

"हं," मांदोक म्हणाला. मासा तोंडात होता म्हणून. ते उत्तर प्योसाहेबांना पुरलं.

ते बराच वेळ रश्शात चमचा फिरवत बसले. मग चमचा खाली ठेवून हळूच म्हणाले, "कोसाहेब, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. तुमची लेक सोन्यासारखी आहे. पण तुमच्या इतमामाला आम्ही कुठं पुरे पडणार? उद्या लग्नात कमी पडलो तर पोरीलाच ऐकून घ्यावं लागेल. मुलांना जरा थांबायला सांगू या. पुन्हा विचार करू."

युन्सोक उभाच राहिला. "बाबा!"  दान्बीनं मात्र आपल्या वडिलांकडे पाहिलं. लहानपणी सायकलवरून पडली की रडायच्या आधी जशी बघायची, तशीच.

मांदोकनं पेला खाली ठेवला. हे काय होऊन बसलं? शेजाऱ्याची जिरवायला गेलो आणि लेकीचाच संसार मोडायला निघालो! तो ताडकन उठला. पँटीनं उरलंसुरलं तोंड उघडलं. उघडू दे! त्यानं उजवा हात सरळ वर केला आणि उसवलेला कोट सगळ्यांना दाखवला.

"हे बघा माझं ऐश्वर्य! अहो, गाडी माझी नाही. तो ड्रायव्हर नाही, शेजारी आहे माझा. सकाळपासून त्याची गाडी ढकलून फाटलोय मी! माझी गाडी थंडीत चालू होत नाही. बॅटरी नव्हे, गाडीच! खोटं का बोललो? जळतो मी त्याच्यावर! त्याच्या फ्रीजवर जळतो, गाडीवर जळतो, आडनावावरसुद्धा जळतो! आणि तुमच्या त्या पांढऱ्या गाडीवर तर आल्यापासून जळतोय. यात पोरीचा काय दोष? तिनं मला साधं वागायला सांगितलं होतं हो!"

 प्योसाहेबांनी बायकोकडे पाहिलं. बायकोनं जमिनीकडे पाहिलं. मग प्योसाहेबांनी खिशातून रुमाल काढून घाम पुसला.

"ती पांढरी... तीसुद्धा आमची नाही," ते म्हणाले. "वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याची आहे, तोच बाहेर काचा पुसतोय. मुलीकडच्यांसमोर बरं दिसावं म्हणून हिनंच मागितली."

"मी नाही, तुम्ही!" प्योबाई कडाडल्या. "'शेजारच्याला आहे, मलाच नाही' म्हणून वर्षभर जेवण गोड लागू दिलं नाही मला!"

"तुमचेही असेच का हो?" सुन्येनं विचारलं, आणि दोघी विहिणी एकमेकींचा हात धरून अशा हसल्या की वाढणाऱ्या बाई दार सरकवून बघून गेल्या. पेले पुन्हा भरले. या वेळी मांदोकनं फाटक्या काखेसकट दोन्ही हात पुढं केले. कडक थंडीच्या आधी लग्न करायचं ठरलं. दान्बी रडली, पण ते वेगळं रडणं.

"त्या दोघांना तरी बोलवा आत!" प्योसाहेब म्हणाले. सगळे बाहेर आले.

दोघांनी केव्हाच समोरच्या दुकानात शेवया खाल्ल्या होत्या. टोपीवाला पांढऱ्या गाडीचं मागचं दार उघडून नामगुंगला काहीतरी दाखवत होता. "हे बटण दाबलं की सीट पाठ चेपून देते. तुमच्यात नाही का? अरेरे! ते काय आहे, त्याहून वरचं मॉडेल घ्यावं लागतं." नामगुंग हातमोजे मुठीत चुरगाळत उभा होता. चेहऱ्यावर ओठापुरतं हसू, आणि डोळ्यांत धूर. तो धूर मांदोकनं लांबूनच ओळखला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला नामगुंगबद्दल पोटातून माया वाटली.

परतताना मांदोक पुढं, त्याच्या शेजारी बसला. त्यानं सगळी हकीकत सांगून माफी मागितली. नामगुंगनं हात झटकला. "अहो, त्यात काय! दान्बी मलाही मुलीसारखीच." असला भला माणूस! मांदोकला खरोखर लाज वाटली. सुन्ये मागं समाधानानं डोळे मिटून बसली. नवरा आता सुधारला, असं तिला वाटलं.

 मांदोक चुळबुळ करत होता. शेवटी पुलापाशी आल्यावर त्याला राहवेना.

"नामगुंगसाहेब, एक विचारू? रागावू नका. घ्यायचीच होती, तर जरा मोठी घ्यायला काय झालं होतं हो?"

"का?"

"का म्हणजे? लग्नाआधीच व्याह्यांचा शेजारी आपल्या शेजाऱ्याला वरचढ ठरला! आता आयुष्यभर त्यांच्यापुढं मान खाली घालून मीच बसायचं ना?"