धोंड्याचं वाण, चार नग

केंदूरच्या मच्छिंद्र आप्पांच्या पिकअपचे चारही टायर तान्ह्या बाळाच्या टाळूसारखे गुळगुळीत झाले होते, आणि अख्ख्या शिरूर-दौंडात आप्पांना टायर घेता येतील असं एकही दुकान उरलं नव्हतं.

म्हणजे दुकानं पुष्कळ होती. अडचण नात्याची होती. आप्पांची लेक वैष्णवी माघात सत्यजीतशी लग्न होऊन खुटबावला गेली आणि तिचे सासरे ईश्वरराव यांचं चौफुल्यावर टायरचंच दुकान निघालं. आता नातवंडाचं तोंड बघेपर्यंत लेकीच्या सासरचा पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, ही आप्पांच्या घरातली जुनी रीत. आप्पांचे वडील ही रीत पाळताना एकदा लेकीच्या अंगणात उन्हानं चक्कर येऊन पडले होते. शुद्धीवर आल्यावर त्यांनी आधी काय विचारलं, तर तोंडावर मारलेलं पाणी कुणाच्या घरचं. अशा बापाचा हा मुलगा. आणि ईश्वरराव तर व्याह्याकडून पैसे घेणारा माणूसच नव्हे. त्यांच्या दुकानातून चार टायर फुकट आणणं म्हणजे चार हंडे पाणी पिण्यासारखंच.

दुसरीकडे जावं, तर तेही अवघड. आप्पा एकदा शिक्रापूरला ज्ञानेशच्या दुकानात शिरले आणि भाव विचारला. ज्ञानेशनं भाव सांगायच्या आधी त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघितलं.

"तुम्ही ईश्वरशेठचे व्याही ना? लग्नात पंगतीला शेजारी बसलो होतो की आपण. थांबा, शेठला फोन लावतो. तिथनंच घ्या, घरचं दुकान सोडून हितं कशाला?"

"टायर नको मला," आप्पा म्हणाले. "हवा भरायला आलतो."

हवा भरून, म्हणजे भरलेल्या टायरात आणखी हवा भरून, ते तडक घरी आले. घरात चहा झाला होता. साखरबाईंचा चहा वाईट नसे. पण वैष्णवी असताना न्हाणीपाशी लावलेल्या गवती चहाची पात ती हातानं चुरगाळून टाकायची, वर चिमूटभर सुंठ, आणि त्या वासानं गोठ्यातली गायसुद्धा मान वळवायची. सासरी जाताना त्या गवताचा एक ठोंब ती पत्र्याच्या डब्यात लावून घेऊन गेली. ठोंब अर्धा इकडे राहिला होता. चव मात्र सगळीच तिकडे गेली होती.

त्यात अधिक महिना लागला. तीन वर्षांनी येणारा हा धोंड्याचा महिना. लेकजावयाला घरी आणायचं, पुरणाचे धोंडे वाढायचे, आणि जावयाला वाण द्यायचं; तेही अनारसे-बत्तासे असं भोकाभोकांचं, तेहतीसच्या मोजानं. वैष्णवीचा हा पहिला धोंडा. आप्पांनी फोनवर छाती काढून सांगून टाकलं होतं की येत्या रविवारी मी स्वतः गाडी घेऊन न्यायला येतो. फोन ठेवल्यावर त्यांनी अंगणात उभ्या गाडीकडे बघितलं. उजव्या पुढच्या टायरातून आतली तार दिसत होती.

तेव्हा त्यांना मोबाईल आठवला.

थोरला विश्वजीत रांजणगावला कंपनीत होता. त्यानं पाडव्याला वैष्णवीला साडी पाठवली ती आप्पांच्याच मोबाईलवरून, घरबसल्या. मोबाईलला ना गाव ना गोत. तो कुणाचा व्याही नव्हे, कुणाच्या पंगतीला बसलेला नव्हे. आप्पा कांद्याच्या चाळीत जाऊन बसले आणि गाडीच्या मापाचे चार टायर त्यांनी शोधून काढले. विश्वजीतला विचारलं असतं तर बातमी बहिणीकडे गेली असती आणि बहिणीकडून सासऱ्याकडे, म्हणून विचारलं नाही. जिथं पिवळं बटण आलं तिथं दाबलं, आणि पैसे खात्यातून गेले. खाली मुंग्यांच्या रांगेसारखं बारीक काहीतरी लिहिलेलं होतं. चष्मा घरात होता. शिवाय केंदूरला पत्ता कधी कुणाला लागत नाही. पोस्टमन नावावर येतो आणि नाव चुकलं तर चालीवरून ओळखतो. फोन आपला, म्हणजे माल आपल्याच दारात येणार, एवढा हिशोब आप्पांना सरळ होता.

शुक्रवारी दुपारी मोबाईल वाजला. आपली वस्तू पोचली, असा निरोप. आप्पा बाहेर आले. अंगणात कोंबडी होती. चाळीमागे बघितलं, गोठ्यात बघितलं, शेजारच्या भैरूच्या दारात उगाच दोन चकरा मारल्या. भैरूनं विचारलं काय हरवलं, तर म्हणाले काही नाही, जेवण जिरवतोय. परत येईतो साखरबाई फोन घेऊन उभ्या होत्या, एका हाताला अनारशाचं पीठ.

"वैष्णवी हाय. रडतीया का हसतीया, मला काय कळंना."

ती हसत होती, आणि मधेच नाक ओढत होती. तिनं जे सांगितलं ते ऐकताना आप्पा हळूहळू खाली बसत गेले आणि शेवटी पायरीवर टेकले.

टेम्पोवाल्यानं खुटबावला तिच्या दारात चार नवे टायर उतरवले होते. पाडव्याच्या साडीचा पत्ता मोबाईलनं जपून ठेवला होता, आणि त्याच पत्त्यावर माल बिनचूक पोचला होता. वर नाव मच्छिंद्र आप्पांचं. अधिकाचा महिना, आणि लेकीच्या बापाच्या नावानं माल. घरानं समजायचं ते समजून घेतलं. सासूबाई रंगुबाईंनी आधी टायरच्या भोकातून हात घालून बघितला. मग म्हणाल्या, वाण भोकाचं असावं लागतं ना, मग ह्याच्यापरीस मोठं भोक कुठल्या अनारशाला हाय? झालं. टायर पाटावर मांडले गेले. त्यांना हळदीकुंकू लागलं. शेजारच्या सिंधूबाई तेहतीसची खात्री करायला आल्या. नव्या टायरवर रबराचे बारके केस असतात, ते त्या मोजत बसल्या आणि तेहतीस झाल्यावर थांबल्या. बाया जमल्या, आणि त्यांतल्या एकीनं जागच्या जागी ओवीच म्हटली:

सांगते बाई तुला, दारी वाण आलं काळं,
चार चाकांच्या पोटी चार पुनवेची आभाळं.

"आन् ह्यांच्या गाडीचं टायर खरंच गेलेत, आप्पा," वैष्णवी सांगत होती. "टायरवाल्याचं घर, पण सवताच्या गाडीकडं कुणी बघत न्हाई. तुम्ही लगीन झाल्यापास्नं एकदाच आलात, तरी तुमच्या ध्यानात ऱ्हायलं. सासूबाई सगळ्या गल्लीला सांगत्यात, असा बाप पायजे."

"मामंजी काय म्हणाले?" आप्पांनी विचारलं. आवाज पायरीखालून आल्यासारखा.

"टायर हातानं फिरवून बघितलं आन् दुकानात निघून गेले."

फोन ठेवल्यावर आप्पांच्या डोळ्यांपुढे दोन दारं उभी राहिली, दोन्ही बंद. टायर चुकून गेले असं सांगावं, तर गल्लीभर मिरवलेली लेक तोंड लपवून बसणार. आणि न सांगावं, तर टायर विकणाऱ्या माणसाच्या दारात परक्या दुकानाचे टायर नेऊन टाकल्याचं पाप डोक्यावर. साखरबाईंना सगळं कळलं तेव्हा त्यांनी पदर तोंडात कोंबला. अनारसा तेलात जळाला तरी त्यांचं हसू थांबेना.

"आता काय मागं मागायचं न्हाई," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "लेकीचा मान राखायचा आसंल, तर ते टायर जावयाचेच."

"आन् रविवारी मी कशावर जाऊ?"

"सावकास जा," साखरबाई म्हणाल्या.

रविवारी सकाळी आप्पा सावकाश निघाले. इतके सावकाश, की तळेगावापुढे सायकलवरच्या दूधवाल्यानं त्यांना मागं टाकलं आणि वळून काळजीनं बघितलं. पारगावच्या पुलावर नदीचा वारा लागला, दोन्ही काठांचा ऊस डुलत होता, पण आप्पांचं लक्ष फक्त चाकांच्या आवाजावर. पूल सरला. आता एकच संकट उरलं होतं, ते म्हणजे चौफुला. ईश्वररावांच्या दुकानावरून दिसल्या-न दिसल्यागत पुढं सरकायचं आणि थेट खुटबाव गाठायचं. आप्पांनी टोपी कपाळावर ओढली.

पण ईश्वररावांनी दुकानासमोर एक गतिरोधक करवून घेतला होता. गिऱ्हाइकानं निदान हळू व्हावं, एवढाच त्यांचा हेतू. त्या गतिरोधकावर पुढचं चाक चढलं, आणि उतरलं तेव्हा असा आवाज झाला की समोरच्या हॉटेलातले लोक वडा तसाच हातात धरून बाहेर आले.

दुकानातला बिहारी कामगार चाकापाशी उकिडवा बसला. त्यानं टायरवरून हात फिरवला, जसा आजारी माणसाच्या पाठीवरून फिरवतात.

"चाचा, ये टायर नहीं है," तो म्हणाला. "ये टायर की याद है."

मागून ईश्वरराव आले. गादीवरून उठून आलेले, हाताला ट्यूबवर चोळायच्या खडूची पांढरी भुकटी. त्यांनी आप्पांना आत बसवलं. आणि आत, भिंतीला टेकून, ते चार टायर उभे होते. कपाळाला हळदीकुंकू तसंच.

"आज सकाळीच घरनं आणले," ईश्वरराव म्हणाले. "बायकांना सांगितलं, माप बदलून आणतो. सत्यजीतची गाडी बारकी. त्याला हे टायर म्हंजी लेकराच्या पायात बापाचे जोडे."

आप्पा वाकून टायरवरचं कुंकू निरखू लागले.

"पाव्हणं, तीस वर्सं टायर विकतोय मी. माणसाचं तोंड नंतर बघतो, आधी त्याच्या गाडीची चाकं. तुमची चाकं मी साखरपुड्यालाच बघितली हुती. तवाच हे माप बाजूला काढून ठिवलं. म्हनलं, आज येतील, उद्या येतील." त्यांनी वरच्या फळीकडे बोट दाखवलं. तिथं त्याच मापाचे आणखी चार टायर धूळ खात होते. "आन् तुम्ही गेलात मोबाईलमंदी."

आप्पांना टोपी जड वाटायला लागली. ती काढून त्यांनी गुडघ्यावर ठेवली.

"तुम्ही पैसं घेतलं असतं का?"

"न्हाई."

"मग मी कसा येऊ?"

ईश्वररावांनी फडक्यानं हाताची भुकटी पुसली. उसाची एक ट्रॉली गतिरोधकावर हळू झाली, आणि तशीच पुढे गेली.

मग ईश्वररावांनीच तोड काढली. हळदीकुंकवाचे टायर आप्पांचेच, ते त्यांच्या गाडीला. सत्यजीतला दुकानातले चार त्याच्या मापाचे. घरात सगळ्यांना कळेल की माप बदललं. लेकीचा मान राहील, कुणाला काही बोलायला नको.

"राहील," आप्पा म्हणाले. "पण मग वाण कुणी दिलं? बापानं पोराला दिलं तर ते वाण होत न्हाई. सत्यजीतच्या टायरांचं बिल माझ्या नावानं फाडा."

"पाव्हणं, काय बोलताय? माझ्याच पोराचं टायर आन् पैसं तुमच्याकडनं?"

"मग तुमच्या घरात पूजा कशाची झाली? सिंधूबाईंनी केस कशाचे मोजले?"

रीतीचा माणूस रीतीनंच अडकला होता. ईश्वररावांनी नाइलाजानं बिलबुक काढलं आणि एक आकडा लिहिला. आप्पांनी चष्मा लावला, या वेळी आणला होता. आकडा बघितला आणि खिशातून मोबाईल काढून समोर धरला.

"हितं ह्या मापाला किती पडत्यात बघा. तुम्ही लई कमी लावलंय. एवढ्याला मला जमणार न्हाई."

"मोबाईलला काय कळतंय टायरमधलं? मला परवडतंय."

"मला न्हाई परवडत. वाढवा."

ईश्वररावांनी शंभर वाढवले. आप्पांनी मान हलवली. पुन्हा दोनशे. आप्पा उठून निघायच्या तयारीत. बिहारी कामगार हातात पाना घेऊन तसाच उभा राहिला. दहा वर्षं त्यानं टायरचे सौदे बघितले होते, पण गिऱ्हाईक भाव चढवतंय आणि शेठ पाडतोय, हे त्यानं आपल्या मुलखात सांगितलं असतं तर कुणी खरं मानलं नसतं. शेवटी मोबाईलच्या भावाला सौदा ठरला. आप्पांनी पैसे मोजून दिले, पावती घडी करून आतल्या खिशात ठेवली, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच या दुकानात पाठ टेकून बसले. ज्याला चार टायर घेता येत नव्हते तो माणूस आठ टायरांचा धनी झाला होता.

"फिटिंगचं किती?" त्यांनी विचारलं.

ईश्वररावांनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. चार टायरांवर फिटिंग मोफत. आप्पांनी पाटीचा रंग निरखला, आजचा तर नाही ना म्हणून. जुना होता.

कामगार चाकं चढवू लागला. ऊन वर आलं होतं. आप्पांच्या घशाला पारगावच्या पुलापासून कोरड पडली होती, पण पाण्याचा माठ समोर असून त्यांनी नजर दुसरीकडे ठेवली होती. तेवढ्यात ईश्वररावांनी कोपऱ्यातून थर्मास काढला आणि कपात चहा ओतला.

"मी काय घेणार न्हाई, पाव्हणं," आप्पा म्हणाले. "तुम्हाला ठावं हाय."

"पाव्हण्याला कोण देतंय? दुकानात टायर घेतल्यावर गिऱ्हाइकाला चहा आसतो. कुणालाबी विचारा."

आप्पांनी कामगाराकडे बघितलं. त्यानं पाना फिरवता फिरवता जोरात मान डोलावली. गिऱ्हाइकाचा चहा म्हणजे काही लेकीच्या सासरचा चहा नव्हे. पावती खिशात होती. आप्पांनी कप तोंडाला लावला.

पहिला घोट घशाखाली गेला आणि ते थांबले. चुरगाळलेल्या गवती चहाची पात, वर चिमूटभर सुंठ. केंदूरची न्हाणी, पत्र्याचा डबा, मान वळवणारी गाय, सगळं त्या कपातून वर आलं. आप्पांनी ईश्वररावांकडे बघितलं. ईश्वरराव मन लावून रस्त्याकडे बघत होते, आणि रस्त्यावर तेव्हा काहीच नव्हतं.

"पाव्हणं," आप्पा म्हणाले, "हा चहा कुठल्या टपरीचा?"

"आसंल की हितलीच एक."

आप्पांनी कप शेवटच्या थेंबापर्यंत रिकामा केला. गतिरोधकापलीकडे त्यांची पिकअप चार नव्या चाकांवर उभी होती, चारही चाकांना हळदीकुंकू.

"टपरी चांगली हाय," ते म्हणाले आणि कप पुढे केला. "आनखी अर्धा द्या."